निरंक

माझं काम ऐकण्याचं नाही, टंकण्याचं.
तरी कान कुठे काढून ठेवणार?

सुनावणी अकराची. अपीलार्थी ब्रिजिट मिस्किटा,
वय एकाहत्तर, मधली पाखाडी, अंधेरी पूर्व.
दोन वर्षांनी तारीख मिळाली म्हणून
की काय, मोत्याची कर्णफुलं घालून आली आहे.
कापडी पिशवीतून काढते एकेक:
दहा रुपयांचं तिकीट लावलेला अर्ज,
तीस दिवसांचं मौन,
पहिलं अपील,
त्यावरचं मौन,
आणि मग एकदाचं आलेलं अर्ध्या पानाचं उत्तर:
सदर ठिकाणी विहीर असल्याची नोंद
या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.
सबब माहिती निरंक.

निरंक.
दिवसातून चाळीसदा टंकते मी हा शब्द.
आज त्याचा तळ दिसेना.

बाई म्हणते, साहेब,
विहीर आहे का, असं मी विचारलंच नव्हतं.
कुणाच्या सहीनं बुजवली, तेवढं विचारलं.
आणि पिशवीच्या तळातून शेवटचा कागद,
दुसऱ्याच एका अर्जाच्या उत्तराला चुकून टाचला गेलेला,
सन दोन हजार अकराचं देयक:
विहीर भरणी, डेब्रिज, एकशे बारा ट्रक.

नसलेल्या विहिरीत एवढा माल मावला कसा?
हे मी टंकलं नाही. कुणी बोललंही नाही.

माहिती अधिकारी वैराळे उभे राहिले.
रुजू होऊन चारच महिने, सर.
आधीचे साहेब निवृत्त, त्याआधीचे ठाण्याला,
आणि नस्ती तर सव्वीस जुलैच्या पाण्यात गेली.
आयुक्तांनी चष्मा पुसला.
दोन हजार पाचला बुडालेली नस्ती
सहा वर्षांनी वर येऊन ट्रक मोजून गेली?
वैराळ्यांचा शर्ट पाठीला चिकटला.
वाईट माणूस नाही तो.
त्याला खुर्चीबरोबर हे उत्तर मिळालं होतं,
टेबलाच्या काचेखालच्या देवाच्या फोटोसारखं.

मग बाई कुणालाच न सांगितल्यासारखं सांगू लागली:
आमच्यात लग्नाच्या आदल्या रात्री
बँड लावून विहिरीवर जातात, उंबराचं पाणी आणायला.
माझ्या पाचही बहिणी त्या पाण्यानं न्हाल्या.
यंदा नातीचं लग्न झालं.
कोपऱ्यावर वीस लिटरचा जार ठेवला,
बँड जारापर्यंत गेला,
जाराभोवती वाजला, परत आला.
पोरं हसली. मीपण हसले.
पण जाराला ओवाळायचं कुठून?

हे कलम कुठलं, ते मला कळेना.
आयुक्त म्हणाले, हे राहू द्या.
राहू द्यायचं म्हणजे ठेवायचं की गाळायचं?
मी ठेवलं. अंतिम प्रतीत ते नव्हतं.

आदेश:
अपील अंशतः मान्य.
अपीलार्थीस मूळ अभिलेखाचं अवलोकन करू द्यावं.
नोंद खरोखरच नसेल
तर तसं शपथपत्र अधिकाऱ्यानं पंधरा दिवसांत द्यावं.
शपथपत्र म्हटल्यावर वैराळ्यांनी पहिल्यांदा
बाईकडे पाहिलं.

शपथपत्र आलंच नाही.
एकविसाव्या दिवशी पूर्तता अहवाल आला,
सोबत अवलोकनाचा कागद, खाली बाईच्या अक्षरात:
नकाशा पत्रक सात पाहिलं.
घोंगाळेंच्या घरामागे निळं वर्तुळ आहे,
बाजूला बारीक 'वि.' लिहिलंय.
बुजवण्याच्या आदेशावर सही आहे,
नाव वाचता येत नाही.
वैराळेसाहेबांनी भिंग आणून दिलं.
तरी नाही.

समाधान झालं का, या प्रश्नापुढे
तिनं हो लिहून खोडलं आहे, मग नाही लिहून खोडलं आहे.

प्रकरण निकाली.
वहीत शेऱ्याच्या रकान्यात
काही नसेल तर शून्य काढायची पद्धत आहे.
मी काढलं.
पेन निळं होतं.
जरा मोठं झालं.